गोड बंद केलं, तरी साखर उतरत नाही? या क्रमाने तपासा

उपाशीपोटीची साखर १४०-१५०, जेवणानंतरची २४०-२६०, गोळ्या वेळेवर, गोड बंद. सांगली भागात मधुमेहाच्या रुग्णांना आहाराचा सल्ला देण्याचं काम करते, आणि माझ्यासमोर सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार हीच आहे. घरच्यांना वाटतं, हा चोरून खातो. बहुतेक वेळा तसं काही नसतं. माणसाने पेढे, जिलेबी, बासुंदी खरोखरच सोडलेली असते. साखर वाढत असते ती भाकरीच्या आकारातून, चहाबरोबरच्या टोस्टातून, उपवासाच्या खिचडीतून, नाहीतर मोजण्याच्या चुकीतून. ते शोधण्याचा एक क्रम आहे. फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि डॉक्टरांच्या हातातल्या नंतर.

हे लिहिलंय ते टाइप २ मधुमेह असलेल्या, गोळ्यांवर असलेल्या प्रौढ माणसांसाठी. गरोदर स्त्री, टाइप १ असलेलं मूल, किडनीचा त्रास असलेला रुग्ण यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डोसबद्दल विचारून घ्या. पोटात अन्न कमी आणि गोळी तेवढीच, असं झालं की साखर धोकादायक खाली जाते.

लक्षणं

यातलं काय जुळतंय ते बघा.

- जेवल्यावर तासाभरात डोळे जड होतात, पेंग येते.
- रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, पहाटे तोंडाला कोरड पडते.
- उपाशीपोटीची साखर बरी, जेवणानंतरची मात्र उसळते. किंवा उलट: रात्री झोपताना बरी, सकाळी जास्त.
- घरच्या मीटरवर आकडे ठीक, पण एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी ८-९ येते.
- चष्मा नवा असूनही अधूनमधून धूसर दिसतं.
- जांघेत खाज, वारंवार बुरशी, छोटी जखमही लवकर भरत नाही.
- सकाळी अकराच्या सुमारास घाम, थरथर, छातीत धडधड; मग हाताला येईल ते खाल्लं जातं आणि दुपारी आकडा ३०० दाखवतो.

हे शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं बाजूला ठेवा. तिथे मूळ त्रास साखर कमी होण्याचा आहे, आणि नंतरचे ३०० हा त्याचा परिणाम आहे. त्या वेळी मीटर ७० च्या खाली दाखवत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून डोस तपासून घ्यायचा.

बहुतेक प्रौढांसाठी लक्ष्य असं धरतात: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत, एचबीए१सी ७ च्या आत. वय जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, साखर एकदम खाली जाण्याची सवय असेल तर डॉक्टर हे आकडे मुद्दाम सैल ठेवतात. शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावू नका.

पहिली तपासणी: हात आणि मीटर

आंब्याच्या दिवसांत एका आजोबांचा आकडा ३१२ आला. घरच्यांनी घाबरून फोन केला. विचारत गेले तेव्हा कळलं, त्यांनी नुकताच नातवाला आंबा चिरून दिला होता आणि बोट नुसतं टॉवेलला पुसलं होतं. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून, दुसऱ्या बोटातून मोजायला सांगितलं. १६८. बोटावर राहिलेला फळाचा रस रक्ताच्या त्या एवढ्याशा थेंबात मिसळला की मीटर तोही मोजतो. म्हणून मोजण्याआधी हात धुणं ही सगळ्यांत स्वस्त तपासणी, आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारीही.

मग स्ट्रिपची बाटली बघा. झाकण घट्ट हवं, मुदत संपलेली नको, आणि ती ओट्याजवळ किंवा बाथरूममध्ये ठेवलेली नको. ओल लागली की स्ट्रिप खराब होते. बोट पिळून पिळून थेंब काढू नका. बोटाच्या कडेला टोचा, तिथे दुखतंही कमी.

मीटर आणि लॅब यांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. लॅबमध्ये २०० असेल तर घरच्या मीटरवर १७० ते २३० मधलं काहीही चालण्यासारखं आहे. काल १५२ आणि आज १६४ म्हणून रात्रीची झोप घालवू नका. एका आकड्यावरून काही ठरत नाही, आठ-दहा आकडे कुठे झुकतात ते बघायचं.

दुसरी तपासणी: वेळ, आणि आकड्यांची जोडी

जेवणानंतरचे दोन तास मोजायचे पहिल्या घासापासून. आपल्याकडे ते हात धुऊन, पान-सुपारी झाल्यावर मोजतात, आणि लॅबमध्ये तर गर्दी असली की तीन तास होऊन जातात. मग आकडा फसवा येतो. उपाशीपोटी म्हणजे रात्रीनंतर किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही, अर्धा कप चहासुद्धा नाही. आणि रिपोर्टच्या आदल्या दोन दिवसांत भात बंद करून काही साधत नाही. त्या दिवसाचा आकडा गोंडस येतो, डॉक्टर औषध तसंच ठेवतात, आणि बाकीचे दिवस साखर वाढलेलीच राहते. तपासणीच्या दिवशी रोजचंच जेवा.

आता या सगळ्यातलं मला सर्वांत उपयोगी वाटणारं काम. सुटा आकडा घेऊ नका, जोडी घ्या: जेवायच्या आधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. समजा आधी १७० आणि नंतर २१० आली. या जेवणाने फक्त ४० वाढवली, म्हणजे हे ताट ठीक आहे. गडबड आधीच्या जेवणात, रात्रीत किंवा औषधात आहे. समजा आधी १२० आणि नंतर २५०. मग दोष याच ताटाचा. मी ढोबळपणे असं धरते: फरक ५० च्या आत असेल तर त्या जेवणाला हात लावायचा नाही, ८० च्या वर गेला तर आधी तेच जेवण दुरुस्त करायचं.

स्ट्रिप स्वस्त नाहीत, रोज चार वेळा मोजा असं मी कुणालाच सांगत नाही. एका आठवड्यात एकच जेवण धरा. या आठवड्यात नाश्ता, तीन जोड्या. पुढच्या आठवड्यात दुपारचं जेवण. महिनाभरात कुठलं जेवण साखर चढवतंय ते कागदावर दिसतं, आणि मग सगळंच सोडायची गरज उरत नाही. पथ्य टिकत नाही याचं मोठं कारण हेच असतं की जे सोडायची गरज नव्हती तेही सोडलेलं असतं.

तिसरी तपासणी: चहा आणि त्याच्या सोबतचं

तीन दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. दुकानातला अर्धा कप, पाहुण्यांसोबतचा अर्धा कप, मीठ बघायला घेतलेला चमचा, पोरांच्या ताटातलं वाया जाऊ नये म्हणून संपवलेलं. हे शेवटचं बायकांच्या बाबतीत हमखास निघतं, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या लेखी ते जेवणच नसतं.

चहात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. दिवसात पाच कप झाले की ५० ग्रॅम. ज्यांनी चहातली साखर सोडलीय त्यांनी सोबतचं बघावं. पाच मारी बिस्किटांत जवळजवळ एका फुलक्याएवढी कर्बोदकं (पचल्यावर रक्तात साखर होणारा भाग) असतात. खारी, टोस्ट, बटर सगळा मैदाच. बिनसाखरेचा चहा दिवसात दोनदा, सोबत काही नको. भूक असेलच तर मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे.

चौथी तपासणी: गूळ, काकवी आणि ‘शुगर फ्री’

आमच्या भागात हा विषय नाजूक. सांगलीची गुळाची पेठ जुनी, आजूबाजूला गुऱ्हाळं, घरात काकवी-भाकरी आवडीची. “साखर सोडली, गुळाचा चहा घेतो” हे अभिमानाने सांगितलं जातं. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं. पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो, आणि चमच्यामागे रक्तातला फरक नगण्य. मध, खडीसाखर, खजूर यांचंही तसंच. हे सगळं साखरेच्याच खात्यात धरा.

‘शुगर फ्री’ बिस्किटात साखर नसेल, मैदा असतो. पाकिटामागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. पहिलंच नाव मैदा असेल तर ठेवून द्या. ‘टोटल कार्बोहायड्रेट’ ही ओळ वाचायला घरातल्या शाळकरी पोराला सांगा. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय त्यापेक्षा ती ओळ महत्त्वाची.

पाचवी तपासणी: ताटात धान्य किती

इथे थोडा वेळ द्या, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाठी इथेच सुटतात.

“ज्वारीची भाकरी कितीही खा, साखर वाढत नाही.” हा समज इतका पक्का आहे की डॉक्टरांनी सांगूनही जात नाही. मी वाद घालत नाही. घरी भाकरी करणाऱ्या बाईंना सांगते, रोजच्यासारखंच पीठ घ्या, फक्त परातीत टाकायच्या आधी काट्यावर ठेवा. काटा नसेल तर किराणा दुकानात पिशवीतून नेऊन मोजून आणा. चुलीवरच्या हातभर भाकरीला ८० ते १०० ग्रॅम पीठ लागतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. म्हणजे ८० ग्रॅमच्या एका भाकरीत साधारण ५५ ग्रॅम. २५-३० ग्रॅमच्या फुलक्यात २० ग्रॅमच्या आसपास. “मी दोनच खाते” म्हणणाऱ्या बाई खरंच दोनच खात असतात, पण त्या दोन भाकऱ्या म्हणजे पाच फुलके होतात. वर आमटी-भात वेगळा.

भाकरी वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्यात चोथा आहे, चावून खावी लागते, पोट भरतं. मैद्याच्या पावापेक्षा ती केव्हाही बरी. पण ती मोजायची. भाताची जागा चपातीने घेतली, चपातीची नाचणीने, आणि एकूण धान्य तेवढंच राहिलं, तर हाती फार काही लागत नाही. आयसीएमआरच्या इंडियाब या देशभरातल्या पाहणीतही हेच दिसलं: भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि एकूण प्रमाण न घटवता नुसतं धान्य बदलल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. याच पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, देशात सर्वाधिक, असं आलं होतं. तेव्हा हे दुखणं फक्त आपल्या भाकरीच्या मुलखाचं नाही, हुमण-भाताच्या मुलखातही ते आहे.

दुरुस्ती अशी. आपल्या ताटात भाकरी मध्यभागी आणि भाजी तोंडी लावण्यापुरती असते. ते उलटवायचं. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर (बटाटा, रताळं यात धरायचं नाही), पाव ताट प्रथिनं, पाव ताट धान्य. प्रथिनं म्हणजे मोड आलेली मटकी, चवळी, हुलगा, घट्ट वरण, पिठलं, अंडी, मासे, चिकन, पनीर, दही. पातळ आमटीत डाळ नावापुरती असते, ती प्रथिनात धरू नका. वाटीत चमचा उभा राहील असं वरण करा. बटाट्याचा रस्सा, चपाती आणि भात असं एकाच वेळी असेल तर ताटात तीन पिष्टं झाली. त्यातलं एक ठेवा.

एकदम निम्मं करू नका. या आठवड्यात पाव भाकरी कमी, त्या जागी एक वाटी उसळ जास्त. पुढच्या आठवड्यात आणखी पाव. भूक भागली पाहिजे, नाहीतर चार वाजता चिवड्याचा डबा उघडलाच म्हणून समजा. आणि पुन्हा सांगते, साखर खाली नेणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा बदल डॉक्टरांना कळवून करा.

सहावी तपासणी: नाश्ता

पोहे, उपीट, इडली. तेल कमी घातलं की हलका नाश्ता झाला असं वाटतं, पण बशीभर पोह्यांत कर्बोदकंच जास्त आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत. सकाळी शरीर इन्सुलिनला जरा कमीच दाद देतं, त्यामुळे तोच पदार्थ संध्याकाळपेक्षा सकाळी जास्त चढवू शकतो. पोहे सोडायचे नसतील तर अर्धी बशी पोहे, त्यात मूठभर शेंगदाणे आणि वाफवलेली मटकी, सोबत उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. नाहीतर भाजणीचं थालीपीठ, मुगाचं धिरडं. नाचणीचं सत्त्व पातळ करून पिणाऱ्यांनी एकदा जोडी मोजून बघावी. पातळ पदार्थ चावावा लागत नाही, पटकन आतड्यात उतरतो, आणि आकडा पाहून बरेच जण चकित होतात.

सातवी तपासणी: खाण्याचा क्रम आणि शतपावली

यात ताटातलं काही कमी करायचं नाही, म्हणून लोकांना हे आवडतं. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा वरण, शेवटी भाकरी-भात. आधी पोचलेला चोथा आणि प्रथिनं पोट रिकामं व्हायला वेळ लावतात, त्यामुळे मागून आलेलं पिष्ट हळूहळू रक्तात उतरतं. भाकरी कोरडी कशी खायची असं विचारतात; थोडी भाजी तिच्यासाठी राखून ठेवा. आठ मिनिटांत जेवण संपवणाऱ्याने वीस मिनिटं लावावीत.

जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं शतपावली. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात, त्यासाठी त्यांना एरवीएवढं इन्सुलिन लागत नाही. दुपारी उन्हात नको, घरातल्या घरात, ओट्यापासून दारापर्यंत चाललं तरी चालतं. पायाला जखम असेल किंवा चालताना छातीत दाटत असेल तर मात्र नाही. त्यांनी आधी डॉक्टर.

आठवी तपासणी: उपवास

एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. श्रद्धेच्या गोष्टीत मी ढवळाढवळ करत नाही, उपवास सोडा असं सांगत नाही. पण उपवासाच्या दिवसाच्या दोन-तीन जोड्या मोजायला नक्की सांगते.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ५० ग्रॅमच्या वर कर्बोदकं, चोथा आणि प्रथिनं नाममात्र. त्यात बटाटा, वर केळं, दुपारी राजगिऱ्याचा गुळातला लाडू, आणि आमच्याकडे तासगावचे बेदाणे. रोजच्या जेवणापेक्षा त्या दिवशी जास्त साखर पोटात जाते. दुसऱ्या टोकाला संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पाण्यावर राहणारे, आणि सकाळची गोळी मात्र घेतलेली. त्यांची साखर दुपारीच खाली जाते.

पर्याय घरातच असतात. अर्धी वाटी वरीचा भात आणि दाण्याची घट्ट आमटी. राजगिऱ्याच्या पिठाचं काकडी घालून थालीपीठ, सोबत दही. सुरण, लाल भोपळा, ताक, मूठभर शेंगदाणे. खिचडी हवीच असेल तर चार चमचे, बाजूला वाटीभर दही-काकडी.

निर्जळी उपवास किंवा सलग नऊ दिवसांचा उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचाराच. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या चालू असताना उपाशी राहिलं किंवा धान्य अगदीच तोडलं, तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी मीटरवरचा आकडा फार वाढलेला नसतो. म्हणून तो ओळखू येत नाही. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, धाप असं काही वाटलं तर उपवास तिथेच सोडून रुग्णालयात.

आषाढी वारीला पायी जाणाऱ्यांचंही इथेच सांगते. रोज मैलोन्‌मैल चालणं, खाण्याच्या वेळा अनिश्चित. निघण्याआधी डोस बदलून घ्या, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा, रात्री मुक्कामाला दोन्ही तळपाय हाताने चाचपून आणि डोळ्यांनी बघा. बधीर पायाला फोड आलेला कळत नाही.

नववी तपासणी: फळं

फळ बंद करायचं कारण नाही, रस बंद करा. पेरू, पपई, जांभूळ, संत्रं: एका वेळी एकच, मध्यम. द्राक्षं दहा-पंधरा मणी. अर्धा आंबा चालतो, पण जेवणावर नाही. त्या वेळची भाकरी कमी करून, नाहीतर चार वाजता एकटा. आमरस-पुरी हे दोन्हीकडून चढतं. बेदाणे मूठभर खाल्ले की २० ग्रॅमच्या वर साखर होते, ते द्राक्षाच्या हिशेबात धरू नका.

दहावी तपासणी: सकाळची वाढलेली साखर

हिला तीन आकडे लागतात: रात्री झोपताना, पहाटे तीनला, सकाळी उठल्यावर. दोन रात्री पुरे.

झोपतानाच २०० असेल तर दोष रात्रीच्या जेवणाचा. साडेसात-आठला जेवा, नंतर टीव्हीपुढचा चिवडा नको. आमच्या शेतकऱ्यांचं हे जमत नाही, कारण पंपाची लाइट रात्री येते आणि पाणी पाजून माणूस बारा वाजता घरी येऊन जेवतो. त्यांनी आठला पोटभर जेवून शेतावर जावं, परत आल्यावर फक्त ताक किंवा कपभर दूध. रात्रीचं जेवण बाराला ढकलण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

झोपताना १३०, तीनला १३५ आणि सकाळी १७० असेल, तर पहाटे यकृत स्वतःहून साखर सोडतंय. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. रात्रीचं जेवण सोडून हे थांबत नाही, औषधाची वेळ बदलून थांबतं. आणि तीनला ७० च्या खाली गेली असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर.

इथून पुढे तुमच्या हातात नाही

वरचं सगळं महिना-दीड महिना करूनही आकडे हलत नसतील, तर आहार आणखी आवळू नका. कारण दुसरीकडे असतं, आणि ते डॉक्टरांनी शोधायचं असतं. त्यांना या गोष्टी आठवणीने सांगा: गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन, दम्याच्या गोळ्या, कुठल्या तरी वैदूची सांधेदुखीची पुडी (स्टेरॉइड साखर झपाट्याने चढवतं, आणि अशा पुड्यांत ते लपवलेलं सापडतं). कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड घेत असाल तर तेही. ते गोळीची जागा घेऊ शकत नाहीत, आणि गोळीबरोबर घेतल्यावर साखर जास्त खाली जाऊ शकते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी टोचण्याची जागा दाखवावी. एकाच ठिकाणी रोज टोचलं की तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषलं जात नाही. उन्हाळ्यात गाडीत राहिलेली किंवा फ्रीजरमध्ये गोठलेली बाटली वापरू नये. फ्रीज नसेल तर पाण्याने गार राहणारं मातीचं मडकं उपयोगी पडतं.

मीटर आणि एचबीए१सी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन तपासायला सांगा. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. सिकल सेल, थॅलेसेमिया, नुकताच झालेला रक्तस्राव किंवा रक्त चढवणं यांनी तो खोटा कमी येऊ शकतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकल सेलचं प्रमाण लक्षात घेता तिथल्या रुग्णांनी हे विसरू नये.

याच आठवड्यात डॉक्टर गाठा:

- दोन-तीन दिवस सलग ३०० च्या वर साखर.
- आठवड्यात दोनदा ७० च्या खाली.
- पायाला जखम, फोड, काळसर डाग, कितीही छोटा असो.
- प्रयत्न न करता वजन उतरतंय. सोबत खोकला, संध्याकाळचा ताप असेल तर क्षयाची तपासणी; मधुमेह्यांना क्षयाचा धोका जास्त असतो.
- पावलांवर सूज, लघवीला फेस. किडनीचा दोष निघाला तर प्रथिनं आणि फळांचं वर दिलेलं प्रमाण तुम्हाला लागू नाही.

आत्ताच्या आत्ता रुग्णालय, गरज पडल्यास १०८:

- वाढलेल्या साखरेबरोबर उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला फळासारखा वास, गुंगी.
- माणूस बेशुद्ध किंवा गिळू शकत नाही. तोंडात साखर-पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा.
- छातीत दाब, घाम, एका बाजूचा हातपाय लुळा, बोलणं अडखळणं. मधुमेह्यांत हृदयविकाराचा झटका छातीत फारसं न दुखताही येतो, नुसती धाप आणि घाम असला तरी थांबू नका.
- अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं.

साध्या भेटीला जाताना रिपोर्टच्या फायलीवर एक पान जोडा: जेवणांच्या जोड्या तारखेसह, तीन दिवसांचं खाणं जसंच्या तसं, सगळ्या गोळ्यांची नावं आणि घेण्याच्या खऱ्या वेळा, चुकलेल्या गोळ्यांसकट. मीटरही सोबत न्या. लॅबमध्ये रक्त देताना त्याच वेळी आपल्या मीटरवरही मोजलं, तर दोघांत किती फरक पडतो तेही त्याच पानावर लिहिता येतं.